पुण्याचं सांडपाणी, उजनीचं धरण, सोलापूरचा नळ: एकाच नदीवरची शहरं एकत्र कधी बसणार?

भीमाकाठची

माझं माहेर सोलापूर, सासर पुणे. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण ही गोष्ट यंदाच्या एप्रिलमध्ये माझ्या नीट डोक्यात शिरली.

आईकडे गेले होते. पाणी पाचव्या दिवशी आलं, रात्री अडीचला. आई गजर लावत नाही. नळातून आधी हवा येते, ती सूंऽऽ करून वाजायला लागली की तिला आपोआप जाग येते. मग ठरलेला क्रम: आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग टाकी, शेवटी अंगणातलं बॅरल. नळाच्या तोंडाला जुन्या सुती लुगड्याचा चौपदरी तुकडा बांधलेला असतो. पहाटे पाणी गेल्यावर तो फडका मी धुवायला घेतला. हाताला बुळबुळीत लागला आणि मधोमध हिरवट डाग पडला होता. मी विचारलं, "हे काय गं?" आई म्हणाली, "उजनीचं हाय. उन्हाळ्यात असंच असतंय."

पुण्याला परतताना गाडीत नकाशा उघडून बसले. आमच्या सोसायटीचं सांडपाणी नाल्यातून मुळेला जातं. संगमावर मुठा मिळते. पुढे मुंढवा, थेऊर, मग पारगावजवळ मुळा-मुठा भीमेत शिरते. तिकडून आळंदीवरून आलेली इंद्रायणी तुळापूरला आधीच भीमेत आलेली असते. मग दौंड, भिगवण आणि उजनीचा जलाशय. तिथून जलवाहिनीनं सोलापूर. म्हणजे मी पुण्यात जे सोडते ते आई सोलापुरात गाळते.

आता या वाटेवर कोण कोण आहे बघा. पुणे महापालिका, पिंपरी-चिंचवड महापालिका, पुणे, खडकी आणि देहूरोड ही तीन कटक मंडळं (कॅन्टोन्मेंट बोर्ड), २०१५ पासून पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, धरणं आणि कालवे सांभाळणारं जलसंपदा खातं, काठावरच्या ग्रामपंचायती, दौंड-इंदापूरच्या नगरपरिषदा, खाली पंढरपूर आणि सोलापूर. शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळ. प्रत्येकाची हद्द वेगळी, अंदाजपत्रक वेगळं, आराखडा वेगळा. नदी मात्र एकच.

७४व्या घटनादुरुस्तीनं महानगर नियोजन समितीची तरतूद केली. दहा लाखांवर वस्तीचा प्रदेश, आणि समितीतले किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडलेले. महाराष्ट्राचा त्यासाठीचा कायदा १९९९ चा आहे. मी हे वाचून आनंदले होते. मग लक्षात आलं की पुण्याच्या महानगर प्रदेशाची हद्द सोलापूरच्या कितीतरी अलीकडे संपते. घटनेनं दिलेलं टेबलसुद्धा नदीपेक्षा आखूड पडतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. वरच्या अंगाला मैलापाण्याचा, धरणाच्या विसर्गाचा, हद्दवाढीचा निर्णय होतो तेव्हा खालच्या अंगाचा माणूस त्या खोलीत हवा, आणि त्याला मत हवं. यात चूक काय आहे, किंवा हे कसं करता येईल, ते जाणकारांनी सांगावं.

सांगवी_फाटा

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्याकडे मुळा हीच दोन महापालिकांची हद्द आहे. औंधच्या पुलावर उभं राहिलं की डावा हात एका शहरात, उजवा दुसऱ्यात. उन्हाळ्यात जलपर्णी माजते, पार पाणी दिसेनासं होतं. एका काठानं काढली आणि दुसऱ्यानं ठेवली तर पंधरा दिवसांत पुन्हा हिरवं गालिचा पसरतो, कारण रोप वाहत जातं, फुटवे फुटतात. आणि वरून येणारं सांडपाणी हेच तिचं खत. संध्याकाळी डासांमुळे खिडक्या लावून बसावं लागतं. दोन्ही काठ एकाच आठवड्यात काढायचे एवढं जरी ठरलं तरी फरक पडेल.

निवृत्त_अभियंता

ताई, तुमचा नकाशा बरोबर आहे. मी राज्यातल्या एका महापालिकेत मलनिःसारण विभागात तीस वर्षं काढली. थोडं आतलं सांगतो.

पहिली गोष्ट, मुळेला उन्हाळ्यात स्वतःचं पाणीच कमी. तिच्यावर वर मुळशीला टाटांचं धरण आहे, ज्याच्यासाठी १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. ते पाणी वीज करून पश्चिमेला भिऱ्याकडे, कोकणात उतरतं. मुठेचं पाणी खडकवासल्याला अडतं आणि शहराच्या नळात आणि कालव्यात जातं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. म्हणजे मार्च ते मे या काळात शहराच्या आत नदीत जे वाहतं ते बहुतांशी आपण वापरून सोडलेलं. विरळ करायला वरून काही येतच नाही. अशा नदीत मैला सोडताना दुप्पट काळजी घ्यायला हवी.

दुसरी गोष्ट, मैलाशुद्धीकरण केंद्राची क्षमता आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्र मोठं बांधलं पण त्याच्यापर्यंत नळ जोडलेच नाहीत तर ते अर्धं रिकामं चालतं आणि शेजारचा नाला भरून वाहतो. वीज गेली की हवा फुंकणारे ब्लोअर थांबतात. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात. ते एकदा बसले की घडी पुन्हा बसायला दिवस लागतात, आणि तोवर आलेलं पाणी पुढे सोडून द्यावं लागतं. केंद्राबाहेर हे कुणाला कळत नाही. खाली दौंडला मात्र दोन दिवसांनी वासानं कळतं.

तिसरी गोष्ट हद्दीची. पुण्यात जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून नदीसुधारणेचा मोठा प्रकल्प आहे. करार २०१६ चा, मूळ खर्च ९९० कोटींचा, ११ केंद्रं, एकूण क्षमता दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर. काम वेळेत झालं नाही हे सगळ्यांनी वाचलंय. पण याहून महत्त्वाचं असं की तो आखला गेला तेव्हाची हद्द वेगळी होती. २०१७ ला ११ गावं आत आली, २०२१ ला आणखी २३. एका अधिसूचनेनं रेषा पुढे सरकली. मैलावाहिन्या अधिसूचनेनं पुढे सरकत नाहीत.

पाटाचं_पाणी

मी दौंड तालुक्यातला. ऊस आहे, थोडा कांदा. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडं कालव्याला दोन प्रकारचं पाणी येतं. धरणाचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटतं ते, आणि शहराचं वापरून झालेलं जॅकवेलनं (नदीकाठची पंपाची विहीर) उचलून लहान, म्हणजे बेबी कालव्यात टाकतात ते. पाणी मिळतंय याला आमची ना नाही. दुष्काळात तेच पाणी आलं म्हणून खोडवा, म्हणजे उसाचं दुसरं पीक, वाचला, हे खोटं बोलणार नाही. पण रात्रीचं दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहावं लागतं, आणि सकाळी पायाला खाज सुटलेली असते. माझी बायको म्हणते आता गमबूट घालूनच जा. फुटव्हॉल्व्हच्या जाळीला काय काय अडकतं ते इथं लिहिता येत नाही. विहीर कालव्यापासून दोनशे पावलांवर. तिचं पाणी आम्ही प्यायचं बंद करून सहा वर्षं झाली, जार आणतो.

पेपरात बातमी येते ती टीएमसीची. किती सोडलं, किती कमी सोडलं. कालवा सल्लागार समितीची बैठक झाली की सगळे आकडे मोजून सांगतात. पाणी कसं होतं हे कुणी सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच, जसं माप आहे तशी प्रतही सांगा.

भीमाकाठची

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. "जसं माप तशी प्रत" हे मी धाग्याच्या वर चिकटवून ठेवते.

निवृत्त_अभियंता

पाटाचं_पाणी यांनी सांगितलं ती मुंढव्याच्या जॅकवेलची योजना. कल्पना चांगली होती. शहरानं धरणातून पिण्याला जास्त पाणी घ्यायचं, आणि त्याबदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी शुद्ध केलेलं पाणी शेतीला परत द्यायचं. साडेसतरा नळीजवळ ते बेबी कालव्यात पडतं. माझ्या मते शहर आणि शेती यांच्यात झालेला हा राज्यातला सर्वांत महत्त्वाचा करार आहे, कारण यात शहरानं पहिल्यांदा मान्य केलं की वापरलेलं पाणीही कुणाचं तरी असतं. पण करार मापाचा झाला. प्रतीचं काय, ते रोज कोण तपासणार, शेतकऱ्याला कुठे बघायला मिळणार, नापास झालं तर काय, हे शेतकऱ्याच्या हातात कधी आलंच नाही.

पाण्याच्या वाट्याचे तंटे २००५ च्या कायद्यानं झालेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडे जातात. पुण्यानं मंजुरीपेक्षा जास्त उचललं अशी तक्रार खालच्या शेतकऱ्यांनी तिथे नेलेली आहे. म्हणजे भांडायची जागा आहे. एकत्र बसून ठरवायची जागा नाही.

बदलापूरकर

एक वेगळी बाजू मांडतो, कारण आमचं आणि तुमचं नातं फार कमी जणांना माहीत असतं.

आमची उल्हास नदी उन्हाळ्यातही वाहते. का? कारण मावळातल्या ठोकरवाडीच्या टाटा धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून खाली येतं आणि उल्हासला मिळतं. हे १९२२ पासून चालू आहे. ठोकरवाडी आहे आंध्रा नदीवर, आंध्रा जाते इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला. म्हणजे आम्ही मेमध्ये जे पाणी पितो त्यातलं बरंचसं मुळात पंढरपूरकडे निघालेलं होतं. प्रत्येक उन्हाळ्यात मला याची जाणीव असते.

आता मुद्दा. त्या उल्हासवर शहाड-टेमघर योजना आहे, सगळे तिला स्टेम म्हणतात. ठाणे, भिवंडी आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद मिळून ही पाणीपुरवठ्याची कंपनी चालवतात. चौघांचा हिस्सा, एक उपसा, एक शुद्धीकरण, मग वाटप. कुरबुरी होतात, थकबाकीवरून वाद होतात, पण चौघांना एका टेबलावर बसावंच लागतं. तेव्हा शहरं एकत्र येऊ शकत नाहीत असं कुणी म्हणालं तर मी स्टेमकडे बोट दाखवतो. पुण्यातही २००७ ला पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या बससेवा एक होऊन पीएमपीएमएल झालीच की. ६० टक्के पुणे, ४० टक्के पिंपरी-चिंचवड, तूट त्याच प्रमाणात.

पण हेही सांगतो. स्टेममध्ये चौघे एकत्र आले ते पाणी उचलायला. घाण परत सोडायच्या वेळी पुन्हा ज्याचा तो. उल्हास आणि वालधुनी या नद्यांची आज जी अवस्था आहे ती त्यातूनच झाली.

साधा_प्रश्न

सगळ्यांचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो.

१. प्राधिकरणं आधीच पुष्कळ आहेत. आणखी एक काढलं की त्याला इमारत, गाड्या, अधिकारी. शेवटी निर्णय मंत्रालयातच होणार.
२. पुण्याच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर काही वर्षं प्रशासकच कारभार बघत होता. जिथे घरचाच नगरसेवक इतकी वर्षं नसतो तिथे सोलापूरच्या प्रतिनिधीला मत द्यायची चर्चा कशी करायची?
३. सोलापूर स्वतःचं सांडपाणी कुठे सोडतं? पंढरपूर चंद्रभागेत काय सोडतं? खालच्या अंगालाही खालचा अंग असतोच. भीमा पुढे कर्नाटकात जाते.

मी ताईंच्या विरोधात नाही. आईच्या नळाचं वाचून मलाही वाईट वाटलं. पण उपाय टिकणारा हवा.

भीमाकाठची

तिसऱ्या मुद्द्यावर मी निरुत्तर आहे, आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. सोलापूरच्या नाल्यांच्या कडेला भाजी पिकते आणि ती भाजी मंडईत येते, लहानपणापासून बघत आलेय. आमच्या शहराच्या खालीही कुणीतरी राहतं. म्हणून तर म्हणते, प्रत्येक गावाला एका खुर्चीत वरचा म्हणून आणि दुसऱ्या खुर्चीत खालचा म्हणून बसावं लागलं तर बोलण्याचा सूर बदलेल. पंढरपूरसाठी २०१६ ला सरकारनं नमामि चंद्रभागा जाहीर केली तेव्हा हाच विचार होता, की वाळवंट स्वच्छ करायचं तर सुरुवात वरून करावी लागेल. वारीत इंद्रायणीकाठून निघालेले लोक शेवटी चंद्रभागेत स्नान करतात. ज्या नदीच्या काठावरून चालायला लागायचं तिच्याच प्रवाहात पुढे जाऊन उतरायचं. मला तरी याहून स्पष्ट नकाशा कुणी दाखवलेला नाही.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल: प्रशासक असताना तर अशा टेबलाची जास्त गरज असते. सभागृहात विचारणारा कुणी नसला की निदान शेजारच्या शहरानं विचारावं.

डॉर्टमुंडहून

मी मूळची इचलकरंजीची, गेली अकरा वर्षं जर्मनीत. धागा वाचून राहवलं नाही, कारण मी ज्या नदीजवळ राहते तिची गोष्ट याच विषयाची आहे.

एम्शर नदी. रुहर भागातून वाहते आणि ऱ्हाईनला मिळते. कोळशाच्या खाणी खोदल्या तशी वरची जमीन खचत गेली, त्यामुळे जमिनीखाली मैलावाहिन्या टिकेनात. सगळ्या शहरांचं, खाणींचं, पोलाद कारखान्यांचं घाण पाणी उघड्यावर, नदीत. साथी येत. शेवटी १८९९ साली शहरं, खाणमालक आणि कारखानदार यांनी मिळून एक संस्था काढली, एम्शरगेनोसेनशाफ्ट. गेनोसेनशाफ्ट म्हणजे अगदी आपली सहकारी संस्था. १९०४ ला कायदा झाला आणि सभासदत्व सक्तीचं झालं. जो पाणी घाण करतो त्यानं त्या प्रमाणात वर्गणी भरायची, आणि वर्गणीच्या प्रमाणात मत.

इथपर्यंत वाचून वाटेल, हेच तर हवं. पण पुढचं ऐका. या सहकारी संस्थेनं पहिली जवळजवळ शंभर वर्षं काय केलं? नदी सरळ केली, तिला काँक्रीटचं तळ दिलं, आणि सगळ्यांची घाण एकत्र करून शिस्तीत ऱ्हाईनकडे पोचवली. नदीकाठी कुंपणं, आणि मुलांना आत जाऊ नका म्हणून पाट्या. सगळी शहरं एकत्र बसली होती, हिशेब चोख होता, आणि त्यांनी एकमतानं नदीचं गटार केलं. त्या टेबलावर ऱ्हाईनच्या खालच्या अंगाचं कुणी नव्हतं, आणि ज्याची घाण जास्त त्याचं मतही जास्त.

खाणी मागे सरकल्यावर १९९२ च्या सुमारास त्यांनी सगळं उलटवायला घेतलं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत ५१ किलोमीटरची भुयारी मैलावाहिनी, तीस वर्षं काम, सुमारे साडेपाच अब्ज युरो. २०२१ संपता संपता नदीतलं सांडपाणी पूर्ण थांबलं. आमच्याजवळ होर्डे भागात जिथे पोलादाचा कारखाना होता तिथे आता तलाव आहे, आणि शेजारून एम्शर वाहते. परवा माझ्या मुलीनं तिथे बेडकाची पिल्लं बघितली आणि मला हाताला धरून ओढत नेलं.

ताई, तुमचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. नुसतं एकत्र बसणं पुरत नाही. ज्याला ते पाणी प्यायचंय तो तिथे हवा.

निवृत्त_अभियंता

डॉर्टमुंडहून यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वर्गणीप्रमाणे मत हा कळीचा दोष त्यांनी नेमका दाखवला. आपल्याकडेही संयुक्त कंपनी काढली तर पैसा पुण्याचा जास्त, म्हणून आवाज पुण्याचा जास्त असंच होईल.

साधा_प्रश्न यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. नवं प्राधिकरण नको. पण एक गोष्ट आपण विसरतोय. पुणे आणि सोलापूर दोन्ही एकाच महसुली विभागात आहेत, पुणे विभागात. विभागीय आयुक्त एकच. त्यांनी बोलावलं तर दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, महापालिकांचे आयुक्त, जलसंपदाचे मुख्य अभियंता आणि प्रदूषण मंडळाचे अधिकारी एका खोलीत येतात. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. त्या खोलीत पाटाचं_पाणी यांच्यासारखे दोन शेतकरी आणि भिगवणकडचे मासेमारी करणारे दोघे बसले की झालं.

आणि त्या खोलीत पहिल्या दिवशी योजना मांडू नका. पहिल्या दिवशी फक्त आकडे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या एकाच दिवशी, ठरलेल्या जागी नमुने. माझ्या मते सात जागा पुरतात: औंधचा पूल, संगम, मुंढवा, थेऊर, पारगाव, दौंड, भिगवण. आठवी सोलापूरच्या नळाची. सगळे आकडे एका कागदावर, मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर. वरचा आकडा आणि खालचा आकडा शेजारी शेजारी दिसले की कुणाच्या हद्दीत काय झालं हे विचारायला तज्ज्ञ लागत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा, मुठा, मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा सगळ्या त्यात आहेत. पण ती यादी पट्ट्यांची आहे. प्रवासात पाणी कुठे बिघडलं, कुठे थोडं सावरलं, हे सामान्य माणसाला दिसत नाही. ते दिसायला हवं.

हद्दीत_आलेलं_गाव

थोडं वेगळं, पण याच विषयातलं. आमचं गाव काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहराच्या हद्दीत आलं. ग्रामपंचायत गेली. आधी सरपंचाच्या ओट्यावर जाऊन बोलता यायचं. आता कर वाढला, टँकर तेच आहेत, आणि तक्रार कुठे करायची ते कळायलाच वर्ष गेलं. म्हणून विनंती की त्या खोलीत आमच्यासारख्या मधल्या गावांनाही जागा द्या. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडले तेव्हा सगळ्या राज्याचं लक्ष हद्दीवरच्या गावांच्या पाण्याकडे गेलं होतं. ते लक्ष फार दिवस टिकलं नाही.

सांगवी_फाटा

आणि पुराचं विसरू नका. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. धरणाचं दार एका खात्याच्या हातात, काठावरची वस्ती दुसऱ्याच्या, पावसाचा अंदाज तिसऱ्याचा. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, तो पूर आमच्या आजोबांनी पाहिलेला. त्या दिवशी निरोप पोचायला उशीर झाला की काय होतं हे ते शेवटपर्यंत सांगायचे. महिन्याची बैठक पाण्याच्या प्रतीची असू दे, पण त्याच माणसांचे फोन नंबर एकमेकांकडे असले तर जुलैमध्येही उपयोगी पडतील.

साधा_प्रश्न

विभागीय आयुक्तांची कल्पना मला पटली. खर्च कमी, आणि करता येण्यासारखं आहे. माझा विरोध मागे. तरी एक शंका: सरकारी बैठक ठरायला महिने जातील. तोवर?

निवृत्त_अभियंता

तोवर आपण. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पैसे भरून कुणालाही पाणी तपासून घेता येतं. कोर्टात ते पुरावा म्हणून कितपत टिकेल ते वकील सांगतील, पण निवेदनाला जोडायला पुरेसं आहे. मी थेऊरची बाटली भरतो, माझ्या घरापासून जवळ आहे.

सांगवी_फाटा

औंधचा पूल माझ्याकडे.

भीमाकाठची

आईच्या नळाची मी भरते. पुढच्या महिन्यात जातेच आहे. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, अडीचला उठायची तुझी तयारी असली तर बघ.

पाटाचं_पाणी

आवर्तन बुधवारी आमच्या चारीला येतंय असं पाटकरी सांगून गेला. त्यात नदीचं पाणी नाही, कालव्याचं आहे, तरी चालेल का? बाटली कसली घ्यायची, आणि झाकण लावताना वर जागा ठेवायची की काठोकाठ भरायची? काका, मला नीट सांगा, मी तसंच करतो.

निवृत्त_अभियंता

कालव्याचं जरूर भरा, वर मोठ्या अक्षरात "कालवा" लिहा. दोन बाटल्या लागतील. बीओडीची (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप) बाटली काठोकाठ, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, झाकण पाण्याखाली धरूनच लावा. जिवाणूंची बाटली प्रयोगशाळेकडून निर्जंतुक केलेली मिळते, ती शेवटच्या क्षणी उघडा, तोंडाला बोट लावू नका, आणि तिच्यात वर बोटभर जागा सोडा. काठाजवळचं गढूळ घेऊ नका, प्रवाहाच्या मध्यातलं घ्या. दोन्ही बर्फात आणि अंधारात ठेवायच्या, चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचल्या पाहिजेत. दारं रात्रीचं असेल तर पहाटे पाचला भरा, म्हणजे सकाळच्या एसटीनं येतील. मी स्टँडवर घ्यायला येतो. आणि दादा, गमबूट घालून उतरा.